तिघींचा दुसरा महिना

“या घरातली बातमी तीन महिने पुरे झाल्याबिगर उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकनार नही,” तोताराम आबांनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं. “मंग काही बी होवो. तोतारामनं एकदा सांगतलं म्हंजे सांगतलं.”

आबांचा आवाज तीस वर्षं विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशी बोलून घडलेला होता. कानगोष्ट करायची म्हटली तरी ती दोन शेतं ओलांडून जायची. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या रतिलालनं पट्टा सोडवला, गिरणी थांबवली आणि पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून विचारलं, “आबा, कितवा लागला?”

“तुले काय करायचं रे? दुसराच हाये अजून.”

“मोठीले का धाकटीले?”

“दोघीलेबी हाये. बेबीलेबी हाये. पन हे तू कोनाजोळ बोलू नको.”

रतिलालनं गंभीरपणे मान हलवली आणि गिरणी पुन्हा चालू केली. त्या दिवशी अर्ध्या फैजपुरानं दळण नेलं. नुसतं पीठच नेलं असं म्हणता येणार नाही.

तर अशा कडेकोट बंदोबस्तात त्या घरातल्या तीन बायका एकाच वेळी गरोदर होत्या. याला कारण महावितरण, म्हणजे त्या काळचं वीज मंडळ. एक्क्याण्णव साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तीन आठवडे कोणाच्या घरी टीव्ही लागला नाही. थोरला भटू आणि सुनंदा यांचा मुलगा सात वर्षांचा होऊन गेला होता, तिथं पाळणा पुन्हा हलणार असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. धाकटा अभिमन आणि कुंदा यांच्याकडे गेली दोन वर्षं कोणी त्या दृष्टीनं बघतच नव्हतं. आणि लेक बेबी दसऱ्याला माहेरी आली होती. जावई वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. तो तिला न्यायला म्हणून आला आणि अंधाराला न घाबरता तीन दिवस राहिला. पुढं बेबीला ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मात्र हाच बहाद्दर त्या आवाजानं घाबरला आणि तिला परत माहेरी सोडून गेला.

दुपारी जेवणं उरकली की तिघी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर जायच्या. धाब्यावर ऊन छान लागायचं, तूर वाळत घातलेली असायची, आणि तूर राखायला तीन बायका लागतात यावर सासूबाई धुरपदाबाईंनी कधी शंका घेतली नाही. तिथं पुरुष येत नसत. त्यामुळं ज्या गोष्टी घरात कोणी बोलायच्या नाहीत असा आबांचा हुकूम होता, त्या सगळ्या तिथं मोकळ्या आवाजात बोलल्या जायच्या.

पाऊस झाल्यावर पारावर शेतकरी एकमेकांना विचारतात ना, तुमच्याकडे किती झाला, तसं चालायचं.

“आज सकाळपासून चारदा,” सुनंदा सांगायची. तिची ही दुसरी खेप, त्यामुळं हेडमास्तरीण तीच. “शेवटच्या टायमाले तं नुसतं हिरवं पानी.”

“मले पाचदा,” बेबी म्हणायची. “आन् वहिनी, झोपलं की स्वप्न पडतं. मले केळीचा घड झाला स्वप्नात. एकशे वीस केळं. मी रडू राह्यली, का एवढ्याइले मी पाजू कशी?”

“मंग? जावईबापूनं भाव इचारला का?”

बेबी हसता हसता तोंडाला पदर लावून धाब्याच्या कोपऱ्यात गेली. परत येऊन म्हणाली, “सहा.”

मग दोघींचे डोळे कुंदाकडे वळायचे.

कुंदा धुळ्याची. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी सासरी तिचा ‘आहे’साठीचा ‘शे’ अजून सगळ्यांच्या कानाला टोचायचा. म्हणून ती एरवी शाळेतल्या पुस्तकासारखी बोलायची आणि फक्त राग आला किंवा रडू आलं की अहिराणीत शिरायची. तिच्याकडे सांगायला ओकारी नव्हती. म्हणून ती उधारीवर काम चालवत होती. बेबीला आज रॉकेलचा वास सहन झाला नाही, की उद्या कुंदाला व्हायचा नाही. सुनंदाचं सकाळी डोकं धरलं, की दुपारी कुंदाचं धरायचं.

“मलाही रॉकेलच्या वासानं कसंतरी होतं,” ती म्हणाली.

सुनंदानं तुरीतला खडा उचलून लांब फेकला. “काल स्टोव्हात रॉकेल कोनं भरलं मंग? गानं म्हनू राह्यलती ना तू?”

कुंदा हातानं तूर पसरायला लागली. खरं काय ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

खरं असं होतं, की तिलाही ओकाऱ्या होत होत्या. चांगल्या पंधरा दिवस झाल्या. आणि गेल्या शनिवारी थांबल्या. सकाळी उठली ती भूक लागूनच. तिनं शिळी भाकरी आणि ठेचा खाल्ला, तो चवीनं खाल्ला, आणि खाता खाताच तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी अगदी असंच झालं होतं. तेव्हा ओकाऱ्या थांबल्या म्हणून तिला आनंद झाला होता. आठव्या दिवशी सगळं संपलं.

त्या वेळी घरानं त्याचं कारण शोधून काढलं होतं. झालं होतं एवढंच, की कुंदानं धुळ्याला आपल्या मायला पत्र लिहिलं, आणि तेही पोस्टकार्डावर. ‘इकडील सर्व क्षेम. मला दुसरा महिना सरत आला. कोणाला सांगू नये.’ पेटीतून टपाल काढणाऱ्या कौतिकनं ते जागेवरच वाचलं आणि आबांना चौकात गाठून पेढे मागितले. धुळ्याला पत्र पोचायच्या आत गावात तोंडं गोड झाली. आणि आठवड्याभरात जे व्हायचं ते झालं. धुरपदाबाईंनी निकाल दिला: पोस्टखात्याची नजर लागली. नजर उतरवायला कौतिकला धरून आणता येत नव्हतं. तो सरकारी नोकर. म्हणून सगळा दोष कार्ड लिहिणारीकडे आला आणि मुक्कामाला राहिला. धुरपदाबाई तोंडानं फार बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “आपल्या हातानं घालवलं पोरीनं.” तेवढं दोन वर्षांना पुरलं.

आबांचा तीन महिन्यांचा कायदा त्यातूनच निघाला. आणि कायद्यात डॉक्टरही बसत नव्हता. डॉक्टरकडे गेलं की कंपाउंडर बघतो, कंपाउंडरला बायको असते, आणि पुढचं सगळं आबांना पाठ होतं.

कुंदानं अभिमनला विचारून पाहिलं होतं. अभिमन शेतकी शाळेत शिकलेला, केळीच्या पानावर बोटभर ठिपका दिसला की पान वर्तमानपत्रात गुंडाळून जळगावला धावणारा. तो तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “आबाले इचारतो.” हे त्याचं उत्तर सगळ्या प्रश्नांना चालायचं.

“या वेळेस मले भ्या वाटतं,” सुनंदा एकदम म्हणाली. हात तुरीतच होता. “पह्यल्या टायमाले दोन दिवस लागले. सुइनीनं हात टेकले व्हते. तुम्हाले सांगत नही मी, पन दरोज आठवतं.”

बेबीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. खरं म्हणजे ती वेळ कुंदाचीही होती. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण सांगितलं की ते खरं होईल असं तिला वाटलं, आणि ती म्हणाली, “मलाही छातीत जळजळतं.”

सुनंदानं तुरीतला हात काढला आणि तिच्याकडे पाहिलं.

*

बुधवारी मळ्यात भरीत होतं. दरसाल हिवाळ्यात आबांच्या मळ्यात भावकी जमायची, आणि यंदा बोदवडहून शेवंताबाई येणार होत्या. आबांची ही सख्खी बहीण. माणसाच्या पोटातलं ओळखण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. एका तलाठ्याच्या बायकोला दिवस गेलेत हे तिनं त्या बाईच्या आधी ओळखलं होतं, आणि तेही एसटीत, मागच्या सीटवरून.

म्हणून निघताना धुरपदाबाईंनी तिघींना न्हाणीघराच्या दाराशी उभं केलं.

“वन्संच्या समोर कोनी ओकायचं नही. रोकलं जात नसंन तं केळीच्या पाचव्या ओळीच्या पल्याड जायचं. आन् दोघी संगं जायचं नही. एक गेली का दुसरीनं दम धरायचा.”

“आन् नही धरला गेला तं?” बेबीनं विचारलं.

“तं आबाची इज्जत तुह्या पोटात हाये, एवढं ध्यानात ठेव.”

मळ्यात पोचेपर्यंत भटूनं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता आणि त्यावर मुंडक्याएवढी हिरवी वांगी फटफटत होती. पुरुषमंडळी बडगीत वांगी कुटायला बसली. हे लाकडी होडग्यातलं कुटणं वर्षातून एकदाच होतं म्हणून पुरुष करतात. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याच्या कातळ्या, आणि वर तेलाची कडक फोडणी. भल्या माणसाची भूक चाळवावी असा वास. आणि दुसऱ्या महिन्यातल्या बाईला तोच वास सोसत नाही.

शेवंताबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी एकदाच तिन्ही पोरींना नजरेखालून घातलं, आणि कुंदा सुनंदाच्या आड सरकली.

“बस ना वं पोरी, जाळाजोळ बस. थंडी हाये,” शेवंताबाई बेबीला गोड आवाजात म्हणाल्या.

बेबी बसली. वारा फिरला. बेबी उठली. “पानी कोठी चालू हाये ते पाहून येते,” म्हणाली आणि केळीत शिरली. पहिली ओळ, दुसरी ओळ. पाचवीपर्यंत ती पोचली नाही, हे सगळ्या मळ्याला ऐकू आलं.

“एक,” शेवंताबाई म्हणाल्या.

“सकाळी तिनं वाटीभर आंबट दही खाल्लतं,” धुरपदाबाई म्हणाल्या.

“खाल्लं असंन.”

सुनंदानं दात आवळून दम धरला होता. तिचा दम चांगला होता. तिची ती दुसरी खेप होती. पण भटूनं मायेनं पहिलं भरीत तिच्याच पानावर वाढलं, गरम, तेल निथळणारं, आणि वर म्हणाला, “खाय, तुले आवडतं ना.” सुनंदानं नवऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तो पुढं आठवडाभर तिला विचारत होता, की माझं चुकलं काय. मग तीही गेली. ती तिसऱ्या ओळीपर्यंत पोचली.

“दोन,” शेवंताबाई म्हणाल्या आणि कुंदाकडे वळल्या.

कुंदा खात होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची तिसरी पुरी संपत आली होती. भरीत फार चांगलं झालं होतं, हीच भानगड होती. प्रत्येक घास चवीला लागत होता आणि प्रत्येक घासागणिक तिचं काळीज खाली जात होतं. दर घासाला ती वाट पाहत होती, की आता तरी वर येईल. वर काही येत नव्हतं. खाली उतरत होतं, बिनबोभाट.

शेवंताबाईंनी सुस्कारा सोडला. त्यात दया होती, आणि दयेची त्यांच्याकडे कमतरता नव्हती. “धाकटीचं मात्र अजून काही नही वाटतं. खाय बाई, खाय. तुह्या हाती काय हाये?”

आता धुरपदाबाईंना घरातली सून कशीही चालली असती, पण नणंदेनं कीव केलेली सून चालत नव्हती. त्यांनी हातातली डाव बडगीवर आपटली.

“कायले काही नही? तिलेबी दिवस गेले! तिघीइलेबी गेले! आमच्या घरात काय कमी हाये का?”

मळ्यातली सव्वीस माणसं थांबली. आबांनी डोळे मिटले. कायदा ज्यांच्या इज्जतीसाठी केला होता, त्यांच्याच बायकोनं तो मोडला, आणि तोही तेलाच्या डावेनं.

“गेले?” शेवंताबाई पुढं वाकल्या. “मंग ओकत कशी नही?”

एवढाच प्रश्न. पण तो कुंदा गेले पाच दिवस उठता बसता स्वतःलाच विचारत होती, आणि आता तो सव्वीस माणसांसमोर उघड्यावर पडला होता. तिच्या हातातली पुरी पानावर पडली.

“शनवारपाईन बंद शे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “मांगलीदाव बी असंच व्हयनं व्हतं. बंद व्हयनं, आनि मंग... माले कोनी तरी डॉक्टरकडे लई चला ना. मी ह्या खेपले कोनले काही लिखेल नही, आत्याबाई. मना मायले बी सांगेल नही. तरी बंद व्हई गयं.”

तिच्या ‘शे’ला त्या दिवशी कोणी हसलं नाही.

धुरपदाबाई डाव धरून तशाच उभ्या होत्या. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. हे घरात फार थोड्यांनी पाहिलं होतं.

केळीतून सुनंदा बाहेर आली. पदरानं तोंड पुसलं, कुंदाजवळ आली आणि तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं. गेली चार वर्षं या दोघींत मिठाच्या बरणीपासून टीव्हीसमोरच्या जागेपर्यंत एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं.

“मले धाब्यावरच वाटलं व्हतं,” ती हळूच म्हणाली. “तू बोलली काहून नही? मी माहं बोलली ना?” मग मोठ्यानं, “अभिमनभाऊ, जीप काढा.”

“आबाले इच—” अभिमननं सुरुवात केली.

“इचारा. ते बसले तिथी. पन जीप चालू करून इचारा.”

आबांनी घसा साफ केला. “सुनंदा, जळगावले नेलं म्हंजे बातमी...”

“आबा, बातमी बोदवडले पोचली,” सुनंदा म्हणाली आणि शेवंताबाईंकडे बोट केलं. “आता एक जळगावच राह्यलं.”

शेवंताबाईंनाही हे पटलं. “जा वं पोरीइहो, घेऊन जा तिले,” त्या म्हणाल्या, “मी बेबीजोळ थांबते. आन् काय होतं ते मले फोनानं कळवा, मी कोनाले सांगनार नही.”

अभिमननं जीप काढली. आबा पुढं बसले, कारण आबांना पुढं बसायची सवय होती. मागं कुंदा, सुनंदा, आणि जीप हलल्यावर धावत येऊन चढलेल्या धुरपदाबाई. त्यांच्या कोपरापर्यंत भरीत लागलेलं होतं.

*

जळगावात एका डॉक्टरीणबाईंकडे नवीन सोनोग्राफीचं मशीन आलं होतं. पोटात पाणी भरपूर पाहिजे, त्याशिवाय दिसत नाही, असं नर्सनं सांगितलं आणि कुंदासमोर तांब्या ठेवला. कुंदा तांब्याला हात लावेना. धुरपदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तांब्या उचलला, एक पेला तिला दिला आणि एक स्वतः प्यायल्या.

“आत्याबाई, तुम्ही कायले?” सुनंदानं विचारलं.

“एकटीले कसं प्याले लावायचं?” धुरपदाबाई म्हणाल्या. असे सहा पेले झाले. सासवासुनांनी एकमेकींसाठी एवढं काही केल्याचं त्या घरात दुसरं उदाहरण नव्हतं.

बाहेरच्या बाकावर आबा शेजारच्या माणसाला सांगत होते, की आमच्या घरात तीन महिने झाल्याशिवाय आम्ही कोणाला काही कळू देत नाही. तो माणूस विचारत होता, की मग आता कितवा? आबा सांगत होते.

नर्स म्हणाली, “पेशंटबरोबर एकच बाई आत.” अभिमन उठून उभा राहिला होता, त्याला कोणी मोजलंच नाही. कुंदानं सुनंदाचा हात धरला. दोघी आत गेल्या. आणि धुरपदाबाई कोणालाही न विचारता त्यांच्या मागोमाग गेल्या.

“यातल्या पेशंट कोण?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“ही,” सुनंदा म्हणाली. “तशी मीबी हाये, पन माहं नंतर.”

पडद्यावर सगळं राखाडी होतं. वाऱ्यानं अँटेना फिरल्यावर टीव्हीवर मुंग्या येतात, तसं. कुंदा छताकडे पाहत होती. तिला पडद्याकडे पाहायचं नव्हतं. मागच्या वेळी मशीन नव्हतं. कोणीतरी हात धुऊन बाहेर येऊन सांगितलं होतं. या वेळी निदान दिसेल, आणि दिसणारच नसेल तर ते तरी दिसेल.

यंत्र पोटावरून सरकत होतं, थांबत होतं, परत सरकत होतं. सुनंदाची पकड इतकी घट्ट झाली, की कुंदाची बांगडी मनगटात रुतली.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इकडे बघा, छताला काय आहे? हे लुकलुकतंय ना, ते हृदय.”

कुंदानं मान वळवली. तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी घाईघाईनं उघडझाप करत होतं. सगळ्या गावाला उशीर झालाय आणि आपल्यालाच पोचायचंय, असं.

“चालू शे?” तिनं विचारलं.

“चांगलं चालू आहे.”

“मग ओकाऱ्या का थांबल्या?”

“थांबतात. कोणाच्या लवकर थांबतात, कोणाच्या शेवटपर्यंत थांबत नाहीत. कोणाला होतच नाहीत. मागच्या वेळी गेलं म्हणून या वेळी जाईल असं नाही. आणि मागच्या वेळीही तुम्ही काही केलं म्हणून ते गेलं, असं नसतं.”

“म्हंजे लिहून वगैरे?” मागून धुरपदाबाईंचा आवाज आला.

“काय लिहून?”

“कार्ड.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. “कसलं कार्ड?”

“काही नही,” धुरपदाबाई म्हणाल्या. “तुम्ही पाहा तुमचं.”

कुंदा त्या लुकलुकण्याकडे पाहत राहिली. रडू येतंय हे तिला कानात पाणी गेल्यावर कळलं. सुनंदानं आपल्या पदरानं तिचे कान पुसले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “आता मले झोपवा. आमचं बी वाजू राह्यलं का पाहून टाका.”

*

परतीच्या वाटेला लागले तेव्हा उन्हं उतरली होती. सुनंदाचंही वाजत होतं. अभिमन शीळ घालत होता, आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि घालू दिली. आबा स्वतः कायद्यात दुरुस्ती करत होते. “तीन महिने म्हंजे तसे दोन बी चालते,” ते काचेबाहेर पाहून म्हणाले. “डॉक्टरनं पाह्यलं असंन तं.” कोणी हरकत घेतली नाही.

मागं धुरपदाबाई मध्ये बसल्या होत्या. जळगाव सोडल्यापासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता. खड्डा आला की जीप उडत होती, आणि त्या दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून, ओठ मिटून, थेट पुढं पाहत होत्या. सुनंदानं कुंदाला डोळ्यांनी खुणावलं. काहीतरी येणार होतं. दोघींनाही दिसत होतं.

वाटेतलं मोठं गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. मग धुरपदाबाई कुंदाकडे वळल्या. चेहरा कधी नव्हे इतका बदललेला होता. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. तो गार होता आणि त्याला अजून लसणाचा वास येत होता.

“कुंदे,” त्या म्हणाल्या.

“हो, आत्याबाई.”

“दोन वर्साखाली मी तुले जे बोलली...”

पुढं आबांची मान हळूच मागं वळली. अभिमनची शीळ थांबली. धुरपदाबाईंनी आयुष्यात कोणाची माफी मागितल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आबांना तर नवऱ्याच्या नात्यानं बत्तीस वर्षांचा अनुभव होता. ते एक वाक्य पुरं व्हावं एवढंच कुंदाला हवं होतं. पुढचं ती विसरायला तयार होती.

“ते मी...” धुरपदाबाईंनी डोळे मिटले, तोंडावर हात दाबला, आणि बोटांच्या फटीतून म्हणाल्या, “अभिमन, गाडी बाजूले घे. लवकर घे.”

भरीत, सहा पेले पाणी आणि रस्ता. अभिमननं जीप बाभळीखाली घातली. धुरपदाबाई कशाबशा उतरल्या, रस्त्याच्या कडेला बसल्या, आणि मग पाचवी ओळ, सहावी ओळ वगैरे काही शिल्लक राहिलं नाही. कुंदा त्यांच्यामागं उतरली. एका हातानं तिनं त्यांचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं पाठ चोळली. ‘येऊ द्या, आत्याबाई, सगळं येऊ द्या,’ असं म्हणत राहिली. सुनंदा जीपमधून डोकं बाहेर काढून मोजत होती.

बऱ्याच वेळानं धुरपदाबाई शांत झाल्या. पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले, कुंदाच्या हाताला धरून उठल्या. ते वाक्य अर्धं राहिलं होतं, आणि प्रत्येकजण त्याच्या उरलेल्या अर्ध्याची वाट पाहत होता. कुंदा सगळ्यांत जास्त.

धुरपदाबाईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. श्वास घेतला.

“कुंदे,” त्या म्हणाल्या, “तोंडात टाकाले काही आंबट हाये का वं तुह्याजोळ?”